कुठे उतरणार?

लोकलच्या डब्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता? नाव काय, गाव कुठलं, असलं काही कुणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो, ‘कुठे उतरणार?’ विचारणारीला तुमच्या आयुष्यात काडीचाही रस नसतो, तिला तुमची सीट हवी असते. तुम्ही ‘कुर्ला’ म्हणालात तर ती खूश होऊन तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून उभी राहते. ‘सीएसएमटी’ म्हणालात तर नाक मुरडून पुढच्या बाकाकडे वळते.

आज हाच प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे. मला सीट नकोय, घाबरू नका. पण खरंच, तुम्ही रोज कुठे उतरता? एक घराजवळचं स्टेशन आणि एक कॉलेजजवळचं, बरोबर? आणि मधली सगळी? ती फक्त अनाउन्समेंटमध्ये ऐकायची, ‘पुढील स्टेशन’ म्हणून.

समजा तुमचा पास डोंबिवली ते सीएसएमटी आहे. कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांगेत उभं राहून कन्सेशनचा फॉर्म मिळवलात, खिडकीवर निम्म्या दरात पास काढलात आणि तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलात. या दोन स्टेशनांच्या मध्ये कोपर, दिवा, मुंब्र्यापासून सँडहर्स्ट रोड, मशिदीपर्यंत २२ स्टेशनं आहेत. साध्या तिकिटावर मध्येच उतरून तासाभरानं पुन्हा चढता येत नाही. पासावर येतं. म्हणजे त्या २२ स्टेशनांचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. फक्त वापरले नाहीयेत.

माझं म्हणणं साधं आहे. मुंबईच्या प्रेमात पडायला सी-लिंक लागत नाही, मरीन ड्राइव्हवरचा सूर्यास्तही लागत नाही. दोन गोष्टी लागतात. खिशाला परवडणारा प्रवास, आणि स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या खिशाला परवडणारं खाणं. या दोन गोष्टी असल्या की अनोळखी शहर हळूहळू आपलं होतं. पण त्या आभाळातून पडलेल्या नाहीत. त्या कुणी तरी ठरवून दिल्या, कुणी तरी कष्टानं चालवल्या. आणि आता आपण बघत असतानाच त्या महाग होतायत, कमी होतायत. त्यामुळे हे फक्त फूडीजचं प्रकरण नाही, तुमच्या-माझ्या हक्काचंही आहे.

एका हातात मावणारं जेवण

वडापावपासून सुरुवात करू, कारण ते टाळून मुंबईत कुठेच जाता येत नाही. दादर स्टेशनच्या बाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी पावात बटाटेवडा घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. आता जरा विचार करा, दादरच का? कारण दादर म्हणजे मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे भेटतात ती जागा. इथे माणूस गाडी बदलतो. एक गाडी सुटलेली असते, दुसरी यायची असते, मध्ये पाच-सात मिनिटं मिळतात. त्याला बसून खायला वेळ नाही, ताट-वाटी नको. एका हातात मावेल असं काही तरी हवं, कारण दुसऱ्या हातात पिशवी आहे. वडापाव हे या टाइमटेबलनं घडवलेलं जेवण आहे.

आणि त्यात काय काय आहे बघा. पाव हा शब्द पोर्तुगीज. बटाटा आणि मिरची हीसुद्धा पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेली. ‘अस्सल मराठी’ म्हणून ज्याच्यावर आपण हक्क सांगतो, त्यातला निम्मा ऐवज बोटीतून उतरलेला आहे. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट मुंबईचा स्वभावच हा आहे. बाहेरून आलेल्याला ती आधी थोडं ढकलते, मग ‘सरका जरा’ म्हणत चौथी सीट देते. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा करून देणं हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तरी ते रोज घडतं. मी लातूरहून इथे शिकायला आले तेव्हा या शहरात मला पहिली जागा मिळाली ती अशीच, जेमतेम सहा इंचांची. शेजारच्या काकींनी मांडीवर पिशवी घेऊन गवार निवडायला घेतली होती. त्यातल्या मूठभर शेंगा माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘बसलीच आहेस तर मोड.’ ठाण्यापर्यंत मी शेंगा मोडत होते. घरच्यासारखं वाटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मधल्या स्टेशनांचं काय?

आता त्या २२ स्टेशनांकडे वळू. रीलवाले याला ‘हिडन जेम्स’ म्हणतात. लपलेलं काहीच नाही हो! आपण उतरत नाही, एवढंच.

ठाण्याला उतरा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून याच ठाण्याला आली होती. तिथली मामलेदार मिसळ तुम्हाला माहीत असेलच. नावाप्रमाणे ती तहसील कचेरीच्या आवारातली. म्हणजे ज्याला सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी सकाळपासून ताटकळावं लागतं, त्या माणसाच्या पोटाची ही सोय. सरकारी कामाला आलेल्या बापाबरोबर बाकावर बसून डोळ्यांतून पाणी काढत मिसळ खाणारी पोरं तिथे आजही दिसतात.

घाटकोपरला उतरा. पूर्वेच्या खाऊगल्लीत गुजराती वस्तीच्या जिभेनं दाक्षिणात्य डोशाचं काय करून टाकलंय, ते बघून उडुपीचा माणूस बेशुद्ध पडेल. चीज, शेजवान चटणी, भाज्या, वर पुन्हा चीज. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत. पण ज्या स्टेशनवर ८ जून २०१४ पासून मेट्रोची वर्सोव्याकडे जाणारी लाइनही येऊन मिळाली, तिथल्या तव्यावर सरमिसळ होणार नाही तर कुठे होणार?

तोच डोसा मूळ रूपात हवा असेल तर दोन-चार स्टेशनं पुढे माटुंग्याला उतरा. नोकरीसाठी दक्षिणेतून आलेली माणसं या भागात स्थिरावली आणि त्यांच्यामागोमाग त्यांची खाणी आली. स्टेशनला लागूनच असलेलं रामा नायक यांचं उडुपी भोजनगृह १९४२ पासूनचं. केळीच्या पानावरचं जेवण, वाढणाऱ्यांची लगबग, आणि बाहेर रांग. एकट्यानं जा, बिनधास्त जा. इथे एकट्यानं जेवणाऱ्याकडे कुणी कीव आल्यासारखं बघत नाही, कारण ही खाणावळ सुरू झाली ती घरापासून लांब राहणाऱ्या एकट्या माणसांच्या जिवावरच.

करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरलात की लालबाग. गणपतीचे दहा दिवस सोडून तुम्ही इथे कधी गेलाय का? एप्रिल-मेमध्ये जा. मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचे ढीग लागलेले असतात, मुंबईभरातल्या बायका वर्षाचा मसाला करून घ्यायला आलेल्या असतात, शिंका देत-घेत भावाची घासाघीस चाललेली असते. शेजारी चिवड्याची गल्ली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची ही दुनिया विस्कटली. आज गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे आहेत. गिरणगाव कसं होतं ते पुस्तकात वाचता येतं, पण त्याचा वास अजून त्या मिरच्यांच्या ढिगाऱ्यापाशीच येतो.

आणि अगदी शेवटाला मशीद. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर मालपुवा आणि फिरनी खायला कॉलेजचे ग्रुप जातात, ते ठाऊकच आहे. पण या स्टेशनला मशीद नाव कशावरून पडलं? तर जवळच्या १७९६ सालच्या ज्यू प्रार्थनास्थळावरून, असं सांगितलं जातं. ते बेने इस्रायलींचं. म्हणजे कोकणात तेल गाळत राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांच्या शुभकार्यात मलिदा करतात, गूळ-पोह्यांचा. एका स्टेशनच्या नावात एवढं सगळं भरलंय, आणि आपण डब्यात कानाला इअरफोन लावून ‘पुढील स्टेशन मशीद’ ऐकतही नाही.

पश्चिम रेल्वेवाल्यांनी रुसू नये. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावाच्या दिशेनं चालत गेलात की १९०४ पासूनचं कयानी लागतं. बन मस्का, चहा, आणि ‘घाईत आहे’ असं सांगितलं तरी आपल्याच वेगानं येणारं बिल.

ज्यांनी हे उभं केलं

हे सगळं आपोआप झालं असं वाटत असेल तर सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास अंधेरी, दादर किंवा चर्चगेटच्या बाहेर पाच मिनिटं उभे राहा. डोक्यावर लांबलचक लाकडी खोकी घेऊन डबेवाले उतरताना दिसतील. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं, असा या व्यवसायाचा इतिहास सांगितला जातो. आजही यातले बहुतेक मावळ, मुळशी, जुन्नर, राजगुरुनगर या पट्ट्यातले. डब्याच्या झाकणावरच्या खुणा, अक्षरं आणि आकडे म्हणजे कुठल्या स्टेशनवर चढवायचा, कुठे उतरवायचा आणि कुठल्या इमारतीत पोचवायचा याचा पत्ता. घरचं जेवण आणि लोकल या दोन गोष्टी इतक्या घट्ट बांधलेल्या दुसऱ्या कुठल्या शहरात असतील असं मला वाटत नाही. लोकल अर्धा तास बंद पडली, तर दुपारी कुणाचं तरी जेवण चुकतं.

दुसरं नाव प्रेमा पुरव यांचं. गिरणगावातल्या बायका घरात पाच-दहा, कधी पंधरा-वीस कामगारांना जेवू घालायच्या. खानावळवाल्या म्हणायचे त्यांना. किराणा उधारीवर, व्याज डोक्यावर, आणि हिशेब महिन्याच्या पगारावर. गोव्यातून आलेल्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मुंबईच्या कापड धंद्याची गोष्ट सांगताना गिरणीमालकांचे पुतळे दाखवले जातात. त्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या बायकांचा पुतळा मी तरी पाहिलेला नाही.

सरकारांनीही हे ओळखलं होतं. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. त्या योजनांचं राजकारण, त्यांची अंमलबजावणी यावर भांडायला भरपूर वाव आहे, जरूर भांडूया. पण त्यातून एक गोष्ट मान्य झाली. शहरात माणसाला परवडेल असं ताट मिळणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. प्रवासाचंही तसंच. लोकलचं सेकंड क्लासचं किमान भाडं आजही पाच रुपये आहे, ते काही बाजारभावानं ठरलेलं नाही. ते ठरवलंय.

पाचाचे दहा

आता मुद्द्यावर येते. जे ठरवता येतं ते बदलताही येतं.

जुलै २०१९ मध्ये बेस्टनं साध्या बसचं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये केलं. प्रवासी वाढले. स्टेशन ते कॉलेज शेअर रिक्षाऐवजी बसनं जाणं परवडायला लागलं. ९ मे २०२५ ला तेच भाडं पाचाचं दहा झालं, एसी बसचं सहाचं बारा. पाच रुपयांनी काय होतं, असं घरी कुणी तरी म्हणेल. हिशेब करा. जाऊन-येऊन रोजचे दहा रुपये जास्त. कॉलेजचे २५ दिवस धरले तर महिन्याला २५० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्या, घरून मोजके पैसे येणाऱ्या पोरीसाठी हे २५० म्हणजे दहा-बारा दिवसांचा वडापाव आणि कटिंग आहे. ती पहिल्यांदा काय कापेल? मधल्या स्टेशनवर उतरणं कापेल. घर-कॉलेज, कॉलेज-घर एवढंच ठेवेल. शहर तिच्यासाठी पुन्हा दोन स्टेशनांएवढं होईल.

भाडं वाढतंय तसा बसचा ताफाही आटलाय. एके काळी चार हजारांच्या पुढे असलेल्या बस गेल्या काही वर्षांत तीन हजारांच्याही खाली आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या लाल डबलडेकरनं निरोप घेतला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टोरी टाकली, हार्ट टाकले. स्टॉपवर पाऊण तास वाट बघणाऱ्यासाठी मात्र कुणी स्टोरी टाकत नाही. या शहराला तशी नावं जपून ठेवायची हौस फार. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, ट्राम टर्मिनसचं ‘दादर टीटी’ अजून तोंडी आहे. उद्या ‘बस स्टॉप’ हेसुद्धा असंच एक नुसतं नाव उरू नये.

मेट्रोबद्दल मी नाक मुरडणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. गिरगाव आणि काळबादेवीला पहिल्यांदाच स्वतःची स्टेशनं मिळाली. गिरगावात थालीपीठ, मिसळ खायला जायचं तर आता चर्नी रोडवरून पूल ओलांडत यायची गरज नाही. थंड डबा, बंद होणारे दरवाजे, उशिरा परतताना वाटणारी सुरक्षितता, हे मुलींना विचारा, किती मोठं आहे ते. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे ७० रुपये, येऊन-जाऊन १४०. रोज परवडणारा किती जणांना? मेट्रो २अ आणि ७ वर १ मे २०२३ पासून ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत सुरू झाली. टाळ्या वाजवणार एवढ्यात खालची ओळ वाचली. विद्यार्थी म्हणजे बारावीपर्यंतचे. म्हणजे एफवायला गेलात की तुम्ही कमावते झालात, असा काहीसा समज दिसतो. माझी पदवी होऊनसुद्धा मला तरी अजून तसं जाणवलेलं नाही.

दीडशे मीटर

खाण्याचं काय झालं ते जरा नाजूक आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. पूल मोकळे असायलाच हवेत, यावर दुमत नाही. पुलावर पथारी नकोच. पण दीडशे मीटरच्या बाहेर त्या माणसाला जागा कुठे, याचं उत्तर मिळायला हवं होतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात ते लिहिलेलं आहे. विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, शहर फेरीवाला समिती नेमा, जागा आखून द्या. प्रत्यक्षात आपण काय बघतो? सकाळी गाडी येते, हातगाडी उचलून नेते. संध्याकाळी दुसरी हातगाडी उभी असते. रस्ता मोकळा होत नाही आणि विक्रेत्याला स्वास्थ्यही मिळत नाही. त्याला रोज द्यावी लागणारी किंमत शेवटी तुमच्या प्लेटच्या भावातच चढते.

आणि त्याच वेळी आपलंही काही तरी बदललंय. भूक लागली की आपण मोबाइल उघडतो. दादरचा वडा, माटुंग्याचा उपमा, मोहम्मद अली रोडची नल्ली, सगळं अर्ध्या तासात दारात. सोयीचं आहे, मीही मागवते. पण दारात फक्त पदार्थ येतो. रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजोबांचा ‘उपमा संपायच्या आत सांग गं बाई’ हा सल्ला येत नाही. परतीच्या वाटेवर चुकून सापडलेलं जुन्या पुस्तकांचं दुकान येत नाही. शहराशी ओळख व्हायला पाय लागतात. डिलिव्हरीवाला मात्र ते शहर तुमच्यापेक्षा शंभरपट ओळखतो, आणि त्याला कुठे बसून खायला जागा आहे का, हेही आपण कधी विचारत नाही.

गर्दीचं कौतुक नको

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाही तर हा लेख ‘मुंबई स्पिरिट’च्या खात्यात जमा होईल. लोकलवर प्रेम करणं म्हणजे लोकलच्या गर्दीवर प्रेम करणं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसं खाली पडली आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ते कामावरच निघाले होते. दारात लटकणं ही हौस नाही, आत जागा नसणं हे त्याचं कारण आहे. चौथी सीट ही माणुसकी आहे हे खरं, पण चौथी सीट लागते कारण गाड्या पुरत नाहीत, हेही तितकंच खरं. ज्याच्यावर जीव असतो त्याच्याशी भांडतोच आपण. म्हणून मुंबईवर प्रेम असेल तर जास्त गाड्या मागा, सुरक्षित डबे मागा, रुंद पूल मागा. ‘मुंबई कधी थांबत नाही’ हे वाक्य ज्यांचं माणूस घरी परतलं नाही त्यांना ऐकवू नका.

मग करायचं काय?

मागणी म्हणून तीनच गोष्टी. एक, लोकल, बस आणि मेट्रो या तिन्हींवर चालणारा एकच विद्यार्थी पास, आणि तो बारावीला संपणारा नको, शिक्षण चालू असेपर्यंतचा हवा. दोन, प्रत्येक स्टेशनच्या आराखड्यात अधिकृत खाण्याच्या गाड्यांसाठी आखलेली जागा, पाणी आणि कचऱ्याची सोय. नवीन मेट्रो स्टेशनांच्या बाहेर तर ती आत्ताच करता येईल. तीन, बस वाढवा, मगच भाडं वाढवण्याची भाषा करा.

हे मागणार कोण? आपणच. कॉलेजमध्ये विद्यार्थी प्रतिनिधी असतात, फेस्टिव्हलची स्पॉन्सरशिप मिळवण्यात ते जितका जीव काढतात त्याच्या निम्म्यानं जरी या पत्राच्या मागे लागले तरी फरक पडेल. भाडेवाढीवर दोन दिवस मीम होतात, तिसऱ्या दिवशी सगळे मुकाट्यानं सुटे दहा काढतात. यापुढे मीमबरोबर एक सह्यांचं निवेदनही जाऊ दे. आपल्या वॉर्डात कोण निवडून आलंय, ते शोधायला पाच मिनिटं लागतात. त्यांना विचारा, आमच्या स्टेशनबाहेर फेरीवाल्यांसाठी जागा कुठे आखली आहे, नकाशा दाखवा.

आणि तोवर, येत्या शनिवारी एक करा. सोबत एखादा मित्र-मैत्रीण घ्या किंवा एकटेच जा. शंभर रुपये खिशात ठेवा, त्याहून जास्त नको. जिथे कधीच उतरला नाहीत असं एक स्टेशन निवडा. जीपीएस बंद. बाहेर पडल्यावर जिथे कामावरून सुटलेली माणसं उभी राहून खातायत तिथे थांबा, तेच मागवा. खाता खाता बनवणाऱ्याला किंवा बनवणारीला विचारा, गाव कुठलं, किती वर्षं झाली इथे. उत्तर नीट ऐका. त्यात मुंबईचा इतिहास असतो आणि तो आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

परतीच्या गाडीत कुणी तरी विचारेलच, ‘कुठे उतरणार?’ त्यांना खरं स्टेशन सांगा. सीट द्यायची असते बाबा.